सोमवारचे जोड

ग्रिमाल्दो अंतिकोनाचा उजवा गाल त्याच्या डाव्या गालापेक्षा दहा वर्षांनी म्हातारा आहे. डावा गाल साठीतल्या माणसाला शोभेल असा, थोडा सैल, थोडा हसरा. उजवा मात्र जुन्या बुटाच्या जिभेसारखा तपकिरी आणि निबर. त्याची बायको देल्फिना सांगते, की लग्नाला तीस वर्षं झाली पण तिने कधी उजव्या गालाचा मुका घेतला नाही. तो गाल कारखान्याचा आहे, घरचा नाही.

याला कारण त्याचं काम. बुटाचा वरचा भाग लाकडी फर्म्यावर ताणून बसवला, की त्याच्या बुडाला आणि सोलला, दोन्हीकडे सोल्युशन लावायचं आणि वाळू द्यायचं. वाळलं की ते बोटालासुद्धा चिकटत नाही, झोपी जातं. मग त्याला आच द्यायची. आच लागली की ते जागं होतं, आणि ते जागं आहे तेवढ्यात, म्हणजे जेमतेम मिनिटभरात, सोल बुटावर बसवून दाबून टाकायचा. आच कमी पडली तर ते डोळेच उघडत नाही, जास्त झाली तर करपतं. त्रुहियो शहरातल्या आमच्या एल पोर्वेनीर वस्तीत निम्म्या घरांची चूल या एका मिनिटावर पेटते. आणि ते मिनिट नेमकं कधी सुरू झालं, हे ग्रिमाल्दो गरम सोल गालाजवळ नेऊन ओळखायचा. गालाला टेकवायचा नाही, म्हणजे टेकवू नये असा त्याचा बेत असायचा. दिवसाला तीन डझन जोड, पस्तीस वर्षं. कधीतरी टेकणारच.

माझं दुकान त्याच्या कारखान्यासमोर आहे. मी सोल्युशन, खिळे, दोरा, बकलं विकतो. त्यामुळे रस्त्यावर कुणाचाही बूट उघडला, की पहिली शिवी मला बसते. मी ती विक्रीच्या भावातच धरलेली आहे.

कारखाना म्हणजे रेबासांच्या घराचा खालचा मजला. म्हातारे रेबासा गेल्यापासून तो त्यांची मुलगी नेलिदा चालवते. ही नेलिदा लहानपणी सोलच्या खोक्यात झोपायची आणि ग्रिमाल्दो एका पायाने ते खोकं हलवत दोन्ही हातांनी काम करायचा. आता ती अडतिसाची आहे, चार माणसांची मालकीण आहे, आणि तो तिला अजून "पोरी" म्हणतो. ती त्याला "मायेस्त्रो" म्हणते. आमच्याकडे हातात कसब असलेल्या माणसाला तसंच म्हणतात. कसब नसलेल्यालाही म्हणतात, पण वेगळ्या सुरात.

यंदा एप्रिलमध्ये नेलिदाने भट्टी आणली. ब्राझीलहून आलेली, वापरलेली, पण रंग मारून नवरीसारखी सजवलेली. एका बाजूने पट्ट्यावर सोल आणि बूट ठेवायचे, दुसऱ्या बाजूने ते तापून बाहेर यायचे. एका वेळी आठ जोड. वर काचेआड काटा. त्याआधी ग्रिमाल्दोकडे दोन दिव्यांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात एक जोड जेमतेम मावायचा.

भट्टी बसवली त्या दिवशी अर्धा रस्ता बघायला जमला होता. ग्रिमाल्दोने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि तोंडाशी वाकून गाल नेला.

"काय म्हणतोय गाल?" मी विचारलं.

"म्हणतोय, गरम आहे."

"अहो मायेस्त्रो, त्यासाठी काटा दिलाय," नेलिदा म्हणाली. "तुम्ही आता तो गाल जरा सुटीवर पाठवा."

"पोरी, हा काटा भट्टीच्या पोटातली हवा किती तापली ते सांगतो. सोल किती तापला ते त्याला कोण सांगणार? काळा सोल लवकर तापतो, मधाळ रंगाचा उशिरा. जाड टाचेला आणखी वेळ. काट्याला हे सगळे एकच."

हे त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं आणि पुढेही बरोबरच ठरलं. पण बरोबर बोलणारा माणूससुद्धा आठ जोडांच्या सोयीपुढे किती दिवस टिकणार? महिन्याभरात त्याची पाठ दुखायची थांबली. पट्ट्यावर आठ जोड सोडायचे, ते येईपर्यंत वर्तमानपत्र वाचायचं, आले की एकामागून एक दाबायचे. दोन महिन्यांनी कुणी भट्टीला नावं ठेवली, तर हाच भांडायला उठायचा. गाल पांढरा पडायला लागला, असं देल्फिना म्हणाली. मला काही तसं दिसलं नाही, पण बायकोच्या डोळ्यांना हरकत घेणारा मी कोण?

जुलै हा आमचा हंगाम. महिन्याच्या शेवटी राष्ट्रीय सण आणि त्यात शाळेच्या मुलांची संचलनं. गावोगावची मुलं काळे बूट घालून, पाय कमरेएवढे उचलून, नगराध्यक्षांच्या मंचासमोर जमिनीवर असे काही आपटतात, की जणू खाली साप आहे. त्या बुटांची पन्नास डझनांची मागणी नेलिदाला मिळाली होती. देणारा वर डोंगरातल्या ओतुस्कोचा दुकानदार, अब्सालोन कारांसा; अशा मोठ्या गिऱ्हाइकाला आम्ही आदराने डॉन म्हणतो. वीस डझन जोड जूनच्या शेवटी गेले. उरलेले तीस डझन खोक्यांत भरून रचून ठेवले होते, पुढच्या गुरुवारी जायचे होते.

आणि त्याच्या आदल्या आठवड्यात बुधवारी अब्सालोनचा फोन आला. नेलिदाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. बहुतेक तिला वाटलं, कौतुकाचा असेल.

"नेलिदाबाई, काल इथे सराव झाला."

"छान झाला का, डॉन अब्सालोन?"

"फारच छान. सहावीच्या पोरीने पाय आपटला, तर पाय खाली आला आणि सोल वर गेला. बँडवाल्याच्या ढोलावर जाऊन पडला. बँडवाला म्हणाला, ताल बरोबर होता."

कारखान्यात कुणी हसेना.

"एकच ना?" नेलिदाने विचारलं.

"अकरा. अकरा जोड माझ्या दुकानात तोंड वासून बसलेत. त्यांच्या आया पण तशाच बसल्यात. मी पोतं पाठवतोय. आणि बाई, स्पष्ट सांगतो, पुढच्या आठवड्यात गुरुवारी मी स्वतः माल बघायला येणार. एक जोड उघडला तर तीस डझन तुमच्याकडेच राहतील."

फोन बंद झाल्यावर नेलिदाने ग्रिमाल्दोकडे बघितलं नाही. मग जे म्हणाली ते भट्टीकडे बघत म्हणाली.

"मायेस्त्रो, मागच्या गल्लीतला योल्वी सोल ओतून देतो. साच्यात बूट धरायचा, वरून सोल ओतायचा, संपलं. सोल्युशन नाही, आच नाही. मी त्याला आजवर नाही म्हणत आले. गुरुवारी एक जरी जोड उघडला, तर हे काम मला त्याच्याकडे द्यावं लागेल. मला दुसरा रस्ता नाही."

"आणि मी?"

"तुम्ही... पॅकिंगला रोसाउरा मावशींना मदत कराल."

रोसाउरा मावशी म्हणजे नेलिदाच्या आईची चुलत बहीण. बूट पुसायचा, बोटांच्या जागी कागद कोंबायचा, खोक्यात घालायचा, हे तिचं राज्य. ती ताडकन म्हणाली, "मला नको हा माणूस. दोन खोक्यांनंतर हा मलाच पॅकिंग शिकवेल."

मावशीला ते विनोदाने म्हणायचं होतं. ग्रिमाल्दो मात्र एप्रन काढून, घडी घालून, दुपारीच घरी गेला. तो एप्रन खुंटीला अडकवतो, घडी कधी घालत नाही. त्या घडीने मला फोनपेक्षा जास्त घाबरवलं.

शुक्रवारी बसने पोतं आलं. शनिवारी सकाळी ग्रिमाल्दो एका हातात उघडलेला बूट आणि खांद्यावर ते पोतं घेऊन माझ्या दुकानात शिरला. दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती बाजूला झाली. असे प्रवेश आमच्या रस्त्यावर लोकांना ओळखू येतात.

"ओक्तावियो, तू पाणी विकतोस."

"वीस वर्षं तेच पाणी विकतोय. वीस वर्षं तुझे बूट नदीतून चालून आले तरी उघडले नाहीत."

"हे बघ!" त्याने बुटाचा जबडा फाकवून माझ्या नाकाशी धरला. "दोन्हीकडे सोल्युशन आहे, दोन्हीकडे चकाकतंय, आणि एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत. जुन्या नवराबायकोसारखं."

"तुझी भट्टी करपवते."

"करपलं असतं तर काळं पडलं असतं. वास आला असता."

"मग कमी तापवते."

"तर वीसच्या वीस डझन उघडले असते! अकराच का उघडले ते सांग."

मी पोत्यातले जोड काढून बघायला लागलो. ओतुस्कोच्या आया काटकसरी. तक्रारीचा बूट परत करतानाही त्यांनी आतला कागद जसाच्या तसा कोंबून पाठवला होता. अकरांपैकी सात जोडांत तरी होता. ग्रिमाल्दोने सवयीने तो बाहेर काढला आणि गल्ल्यावर ठेवून हाताने सपाट केला. त्याला चुरगळलेला कागद बघवत नाही. आणि सपाट झालेला कागद दिसला, की तो वाचल्याशिवाय राहवत नाही.

"बघ," तो म्हणाला, "शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ला होता आपण. तो गोलकीपर नाही, खांब आहे. खांब तरी मध्ये येतो."

"तू भांडायला आलायस की सामना वाचायला?"

"दोन्ही." त्याने दुसऱ्या जोडातला कागद काढला. "हाही सामनाच. हा त्याच्या आधीच्या रविवारचा. बरोबरी झालेला." तिसरा काढला. "हा पुन्हा त्या खांबाचा..."

आणि तिन्ही कागद त्याने शेजारी शेजारी ठेवले.

मावशी कागद आणते तो ग्रिमाल्दोच्याच वर्तमानपत्राचा. तो सकाळी वाचतो, दुपारी ती त्याच्या पानांचे तुकडे करून बुटांत कोंबते. त्याच दिवशी, त्याच दिवसाच्या बुटांत. रविवारचा सामना छापून येतो सोमवारी. ग्रिमाल्दोने उरलेले चार कागद काढले. त्यांत सामना नव्हता. एकावर दातांच्या डॉक्टरची जाहिरात, एकावर कुणाच्या निधनाची सूचना, दोनांवर शब्दकोडं. पण पानाच्या माथ्यावर वार आणि तारीख सगळ्यांवर होती. आपण ती कधी वाचत नाही इतकंच. सातही सोमवारचे होते.

आता सोमवारी आमच्या रस्त्यावर काय होतं, ते कुणाला विचारायला नको. सोमवार म्हणजे शांबार. गहू, हरभरे, वाटाणे आणि डुकराची खारवलेली कातडी रात्रभर भिजवून, सकाळपासून शिजवून केलेलं ते घट्ट सूप त्रुहियोत फक्त सोमवारीच होतं, आणि आमच्या रस्त्यावर ते मेचेबाईच्या अंगणातच होतं. बरोबर बाराला ती पातेल्याच्या झाकणावर डाव आपटते. साडेबाराला पातेलं रिकामं. त्यामुळे पहिल्या ठोक्याला रस्ताभर हातातलं काम जसंच्या तसं पडतं. सुई शिवणीत राहते, सुरी चामड्यात राहते. जे धोरणी, ते पावणेबारालाच आपल्या नंबरचा लाकडी फर्मा मेचेबाईच्या बाकावर ठेवून येतात, म्हणजे जागा धरली. बेचाळीस नंबरचा फर्मा दाराजवळच्या बाकावर दिसला, की ती ग्रिमाल्दोची जागा. गेली पस्तीस वर्षं तिथे दुसरं कुणी बसलेलं नाही.

"पेटी होती तेव्हा," ग्रिमाल्दो हळू आवाजात म्हणाला, "झाकण वाजलं तरी हातात एकच जोड असायचा. तो दाबायचा आणि निघायचं. गाल लावलेला असताना उठून जाता येत नाही, ओक्तावियो. गाल बरोबर न्यावा लागतो."

"आणि आता?"

"आता पट्ट्यावर आठ जोड. तापून बाहेर आलेले. झाकण वाजलं, मी म्हटलं, राहू देत, आल्यावर पुन्हा एकदा भट्टीतून काढू. काय बिघडतंय? मशीन आहे, परत तापवेल." त्याने उघडलेल्या बुटाच्या चकाकत्या बुडावरून अंगठा फिरवला. "परत तापवलं तिने. हे परत उठलं नाही."

मला आणखी एक गोष्ट माहीत होती. जून-जुलैत आमच्याकडे ऊन नसतं, समुद्राकडून ओलसर धुकं येतं आणि सोल्युशन वाळायला उशीर लागतो. म्हणून मीच जूनमध्ये ग्रिमाल्दोला सांगितलं होतं, की ते पक्कं करायचे थेंब डब्यात जरा जास्त टाक. थेंब जास्त पडले की सोल्युशन लवकर कायमचं घट्ट होतं. एकदा आच देऊन तासभर ठेवलं, तर पुन्हा जागं होण्याइतका जीव त्यात उरत नाही. मी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली होती. त्याला वाचून दाखवली नव्हती.

"हे बघ," मी म्हटलं, "अजून कुणाला हे कळलेलं नाही. तुला आता कळलंय. सोमवारचं थांबव. खोक्यांतले सोमवारचे जोड हळूच बदलून टाक. वर भट्टीचं काहीतरी नाव सांग. यंत्राला कुठे तोंड असतं?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मला माझ्या दुकानातले खिळे मोजावेसे वाटले.

"ओतुस्कोत आणखी पाच आहेत," तो म्हणाला. "दोन सोमवार, आठ आणि आठ सोळा. अकरा उघडले. पाच पोरांच्या पायांत आहेत अजून. त्यांचा सोल सरावात नाही उडाला, तर सणाच्या दिवशी मंचासमोर उडेल. ते पोर जन्मभर लक्षात ठेवील."

त्याने कागदांची चवड केली, ती खिशात घातली आणि रस्ता ओलांडून गेला.

पुढचं मी दारात उभं राहून ऐकलं. आमचा रस्ता रुंद नाही. ग्रिमाल्दो कारखान्याच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "पोरी, भट्टी चांगली आहे. सोल्युशन चांगलं आहे. मी सूपला गेलो होतो."

नेलिदाला काही कळेना. त्याने तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, कागद एकेक करून तिच्यासमोर मांडले. शेवटी म्हणाला, "डॉन अब्सालोनला फोन कर. त्या पाच पोरांचे बूट परत मागव."

"मायेस्त्रो, म्हणजे मी त्याला आपण होऊन सांगू, की आणखी पाच उघडणार आहेत? तो म्हणतोय, एक उघडला तर माल घेणार नाही."

"हो."

"आणि तुमचं काय होईल ते माहीत आहे ना?"

"मावशी मला पॅकिंगला घेत नाही म्हणते. मग बघू कुठे ते."

मला वाटलं, आता मी पण पलीकडे जाऊन थेंबांचं सांगावं. वाटलं सकाळी साडेदहाला. गेलो दुपारी दीडला. तीन तास मी दोऱ्याच्या रिळांची रंगवार मांडणी केली. माणसाला खरं बोलायचं असलं, की दुकान फार अस्ताव्यस्त दिसायला लागतं. गेलो तेव्हा नेलिदा एवढंच म्हणाली, "बरं झालं आलात. बाटली वाचून दाखवा." आणि मी भरल्या कारखान्यात बाटलीवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. लहानपणी चर्चमध्ये झालेल्या माझ्या पहिल्या ख्रिस्तप्रसादानंतर इतक्या लोकांनी माझं वाचन इतकं शांतपणे ऐकलेलं नाही.

अब्सालोनला फोन झाला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाई," तो म्हणाला, "चाळीस वर्षं दुकान चालवतोय. सोल उघडला की मला लोक पावसाचं सांगतात, रस्त्याचं सांगतात, पोरांचं सांगतात. सूपचं कुणी सांगितलं नव्हतं. एकेक बूट ओढून ते पाच जोड मी शोधतो. पण गुरुवारी पक्कड घेऊन येणार. तेव्हा मात्र मला काही सांगू नका."

त्याच दुपारी ग्रिमाल्दोने सहा जोडांवर परीक्षा मांडली. आपल्याला वाटतंय तेवढ्यावर तो समाधान मानणारा नाही. तीन जोड तापवून लगेच दाबले. तीन तापवले, तासभर टेबलावर ठेवले, पुन्हा तापवले आणि मग दाबले. खडूने खुणा केल्या. सोमवारी सकाळी पकडीने एकेक सोल ओढला. टेबलावर थांबलेले तिन्ही असे सुटले, की जणू त्यांना कुणी फक्त हाक मारली. लगेच दाबलेल्या तिघांचे सोल सुटलेच नाहीत. ओढता ओढता बुटाचं चामडंच फाटलं. त्या फाटण्याचा आवाज ऐकून कारखान्यात लोक आनंदाने ओरडले. बूट फाटल्यावर नाचणारे कारागीर तुम्हाला दुसरीकडे कुठे दिसणार नाहीत.

मग खोकी. तीस डझनांत कुठले सोमवारचे, हे शोधायचं होतं. चार माणसं आणि मी, जमिनीवर मांडी घालून, एकेक खोकं उघडून आतला कागद सपाट करून तारीख वाचायची. काम दोन तासांचं होतं. आम्हाला पाच लागले, कारण जुनं वर्तमानपत्र हातात आल्यावर ते नुसती तारीख बघून खाली ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मावशीने तर एका कागदावरची अर्धी मालिका वाचून तिचा पुढचा भाग असलेला बूट शोधायला दहा खोकी जास्त उघडली.

"मावशी, तारीख!" ग्रिमाल्दो ओरडला.

"थांब रे! त्या मुलीला विष कुणी दिलं ते कळू दे."

"आजीने दिलं. मी तेव्हाच वाचलंय."

मावशी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

सहा डझन सोमवारचे निघाले. त्यांतले सूपच्या आधीचे कुठले आणि नंतरचे कुठले हे सांगता येईना, म्हणून ग्रिमाल्दोने सगळ्यांचे सोल उतरवले. सोमवारी दुपारपासून बुधवारपर्यंत तो ते पुन्हा लावत होता, आणि लावता लावता कामाची नवी रीत बसवत होता. पट्ट्यावर आठ नाही, दोनच जोड. काटा पूर्वीच्या आकड्यापेक्षा खाली आणि पट्टा सावकाश, म्हणजे जाड टाचेलाही आच पोचते आणि काठ करपत नाहीत. दर नव्या रंगाच्या सोलला पहिल्यांदा गाल. गालाला पटलं, की तो काट्याचा आकडा खडूने भट्टीवर लिहायचा. काळ्याचा वेगळा, मधाळचा वेगळा. आणि भट्टीच्या तोंडातून दाबायच्या प्रेसखाली जाईपर्यंत किती वेळ? तर प्रभूची प्रार्थना मनात एकदा म्हणून होईपर्यंत, त्याहून जास्त नाही.

"मी घड्याळ आणून देते ना, मायेस्त्रो," नेलिदा म्हणाली.

"घड्याळ बघायचं तर सोलवरची नजर काढावी लागते. प्रार्थनेला डोळे लागत नाहीत."

"पण तुम्ही चर्चला कधी जात नाही!"

"म्हणूनच तर साठल्यात."

हे सगळं बघताना माझ्या मनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती, आणि ती मी अजून कुणाला नीट समजावून सांगू शकलेलो नाही. भट्टीने ग्रिमाल्दोचं काम हलकं केलं यात चूक काहीच नव्हती. त्याच्या पाठीने पस्तीस वर्षांनी सुटी घेतली, ती तिला मिळायलाच हवी होती. पण पाठीबरोबर लक्षही सुटीवर गेलं, आणि ते गेलं हे त्यालाही कळलं नाही, इतकं ते गुपचूप गेलं. यंत्र आपल्याकडून नेमकं काय काय घेऊन जातं याची यादी कुणी आपल्याला देत नाही. ती आपल्यालाच करावी लागते, बहुधा काहीतरी उघडल्यावर. ग्रिमाल्दोने ती तीन दिवसांत केली आणि जे परत घ्यायचं तेवढंच परत घेतलं. पत्र्याची पेटी त्याने परत मागितली नाही. त्याच्या जागी मी असतो, तर नक्की मागितली असती आणि वर भाषण केलं असतं.

गुरुवारी सकाळच्या बसने अब्सालोन कारांसा आला. ठेंगणा माणूस, डोंगरातली जाड टोपी, आणि खिशातून खरोखरच पकडीचे दोन कान बाहेर आलेले. त्याने कॉफी घेतली नाही. खुर्ची घेतली नाही. "ते पाच मिळाले," एवढंच म्हणाला. "त्यातला एक माझ्या हातातच उघडला." मग त्याने डोळे मिटून खोक्यांच्या भिंतीतून तीन खोकी ओढली. एक वरून, एक मधून, एक अगदी तळातून. तळातलं ओढल्यावर भिंत कोसळली, ती कुणी उचलली नाही.

पहिल्या बुटाचा सोल त्याने पुढून पकडला, बूट गुडघ्यांत धरला आणि मागे झुकून ओढला. काही झालं नाही. टोपी काढली, पुन्हा ओढला. चर्रकन आवाज आला. नेलिदाने डोळे मिटले.

सोल जागच्या जागी होता. चामडं फाटलं होतं.

दुसरा बूट फाटला. तिसऱ्याला त्याने पकड टाचेकडून लावली, कारण हुशार माणूस होता. तिसराही चामड्यातून फाटला. अब्सालोन घामाघूम होऊन त्या तीन बुटांकडे बघत राहिला. मग त्याने पकड खिशात घातली आणि टोपी डोक्यावर चढवली.

"बांधा," तो म्हणाला. "सत्तावीस मिनिटांत बस आहे."

सगळी माणसं एकदम कामाला लागली. मावशी दोरी शोधायला लागली, जी तिच्या गळ्यातच होती. नेलिदा मात्र उभी राहिली, ग्रिमाल्दोजवळ गेली आणि त्याच्या हाताला धरून काहीतरी म्हणायला लागली. योल्वीचं काहीतरी असावं, नाहीतर माफीचं.

ग्रिमाल्दोचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्याने फाटलेल्यांपैकी एक बूट उचलला होता. फाटलेला काठ बोटांत धरून चोळला, उजेडाकडे नेला, वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पोरी," तो म्हणाला, "हे चामडं कुणाकडून घेतेस तू? कच्चं आहे. सोल्युशन धरून बसलंय आणि चामडंच सोडतंय. पुढच्या वेळी मला घेऊन चल बाजारात."

"हो, मायेस्त्रो," नेलिदा म्हणाली, आणि डोळे पुसत दोरीचं दुसरं टोक धरायला गेली.